चंगीज खानाचा सातबारा

फ्रान्समधल्या नांत शहराच्या इतिहास संग्रहालयाने चंगीज खान आणि मंगोल साम्राज्यावर एक मोठं प्रदर्शन आखलं होतं. वस्तू यायच्या होत्या चीनच्या ताब्यातल्या आंतर-मंगोलियातून, होहोतच्या संग्रहालयाकडून. ऑक्टोबर २०२० मध्ये नांतकरांनी प्रदर्शन पुढे ढकलल्याचं जाहीर केलं आणि कारण लपवलं नाही. ‘चंगीज खान’, ‘साम्राज्य’ आणि ‘मंगोल’ हे शब्द काढून टाका, अशी चिनी अधिकाऱ्यांची मागणी होती. पुढे मजकूर, नकाशे, पुस्तिका हे सगळंच त्यांना तपासून हवं होतं. चंगीज खानावरच्या प्रदर्शनात चंगीज खान नको! संग्रहालयाने ते मानलं नाही. मंगोलियातून आणि इतर ठिकाणांहून वस्तू जमवल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रदर्शन नावासकट उघडलं.

२०२० मध्येच, शाळा सुरू होण्याच्या तोंडावर, आंतर-मंगोलियात हुकूम निघाला होता की भाषा, राजकारण आणि इतिहास हे विषय यापुढे मंगोलऐवजी चिनी भाषेत शिकवायचे. पालकांनी मुलांना शाळेत पाठवणं बंद केलं, निदर्शनं झाली, धरपकड झाली. गंमत अशी की याच प्रदेशात, ओर्दोसजवळ, चीन सरकारने १९५०च्या दशकात चंगीज खानाचं भव्य स्मृतिस्थळ उभारलेलं आहे. तिथे देह नाही. तो कुठे पुरला ते आजवर कोणालाच सापडलेलं नाही. पण त्याच्या म्हणून पूजल्या जाणाऱ्या वस्तू तिथे आहेत आणि पर्यटकांची रीघ लागते. म्हणजे बीजिंगला चंगीज खान हवा आहे, फक्त तो मंगोल असायला नको आहे.

बीजिंगला हसणं सोपं आहे. पण त्या माणसावर हक्क सांगणारे ते एकटे नाहीत. मंगोलियाचं उलानबातर सांगतं, कझाकस्तानचं अस्ताना सांगतं, मॉस्को आडवळणाने सांगतं, आणि इंटरनेटवर तर ‘जागतिक व्यापाराचा जनक’ म्हणून त्याला सगळं जगच दत्तक घ्यायला निघालं आहे. माझा मुद्दा एवढाच आहे की सातबाऱ्यावर नाव चढवून घ्यायचं असेल, तर ‘इतर हक्क’ या रकान्यातला बोजाही नावावर येतो. जमीन हवी आणि सोसायटीचं कर्ज नको, हे कुठलाही तलाठी चालवून घेत नाही. मंगोल खानांच्या बाबतीत मात्र सगळ्यांना जमीनच हवी आहे.

चीनचा दावा आधी पाहू, कारण तो वाटतो तितका पोकळ नाही. चंगीजचा नातू कुबलाई खान याने १२७१ मध्ये आपल्या राज्याला ‘युआन’ हे चिनी राजवंशाचं नाव दिलं आणि १२७९ पर्यंत दक्षिणेचं सुंग राज्य संपवून सगळा चीन एका छत्राखाली आणला. पण या छत्राखाली प्रजेच्या चार पायऱ्या होत्या. वर मंगोल, मग मध्य आशियातून आणलेले परके कारभारी, मग उत्तरेकडचे चिनी, आणि तळाला दक्षिणेकडचे चिनी. शंभर वर्षंही हे राज्य टिकलं नाही. बंड करून उठलेल्या झू युआनझांगच्या १३६७च्या जाहीरनाम्याची घोषणा होती, रानटी लोकांना हाकला आणि चीन पुन्हा उभा करा. दुसऱ्या वर्षी युआन दरबार गवताळ प्रदेशाकडे पळाला आणि मिंग घराणं आलं. याच मिंग दरबाराने लगेच युआन घराण्याचा अधिकृत इतिहासही लिहून घेतला, कारण आधीच्या घराण्याला वैध ठरवलं तरच आपण त्याचे वैध वारस ठरतो. हाकललेल्यांचाच वारसा सांगण्याची ही रीत साडेसहाशे वर्षं जुनी आहे. युआन हा चीनच्या इतिहासाचा भाग आहे, हे म्हणणं खोटं नाही. चीन युआनचा भाग होता, हे जास्त खरं आहे.

मग बोजाचं काय? कुबलाईने १२७४ आणि १२८१ मध्ये जपानवर आरमार धाडलं. व्हिएतनामवर १२८५ मध्ये आणि पुन्हा १२८७-८८ मध्ये फौजा घातल्या, आणि बाक दांग नदीच्या पात्रात खुंट रोवून त्याचं आरमार बुडवणारा चान हुंग दाओ आजही व्हिएतनामचा राष्ट्रपुरुष आहे. १२९३ मध्ये जावापर्यंत जहाजं गेली. चीनने शेजाऱ्यावर कधी आक्रमण केलं नाही, चिनी रक्तातच ते नाही, असं बीजिंगचे नेते वरचेवर सांगतात. कुबलाई चिनी सम्राट असेल तर हे विधान टिकत नाही, आणि विधान खरं असेल तर कुबलाई चिनी नव्हता. दोन्ही एकदम कसं चालेल?

या सगळ्या दावेदारांना एक कागद दाखवावासा वाटतो. तो व्हॅटिकनच्या दफ्तरात आहे आणि १९२० मध्ये अभ्यासकांच्या हाती लागला. नोव्हेंबर १२४६ मध्ये चंगीजचा नातू गुयूक खान याने पोपला पाठवलेलं हे पत्र आहे. पोपने पत्र लिहून विचारलं होतं की ख्रिस्ती देशांत एवढी कत्तल का केलीत. गुयूकने उत्तर दिलं की तुम्ही स्वतः सगळ्या राजांना घेऊन इथे या आणि शरण या, नाहीतर तुम्ही शत्रू आहात असं आम्ही समजू. एवढी मग्रुरी, पण कागदाकडे नीट पाहा. सुरुवातीच्या ओळी तुर्की. पुढचा मजकूर फारसी. तारीख हिजरी सनातली. शिक्का मंगोल भाषेत, आणि खानाचा शिक्का ज्याने घडवला तो कॉस्मास नावाचा रशियन सोनार होता. पत्र घेऊन गेलेला साधू इटालियन. यातलं कुठलं अक्षर कुठल्या आजच्या राष्ट्राच्या नावावर चढवायचं? खानांच्या राज्याला प्रजा होती, करदाते होते, पकडून आणलेले कारागीर होते, वतनं होती. आज ज्याला राष्ट्र म्हणतात तसलं काही नव्हतं. तिथे सगळी मालकी एकाच कुटुंबाची होती, आणि त्या कुटुंबातसुद्धा १२६० नंतर भाऊ भावाचा गळा धरत होता. कुबलाई आणि अरिक बोके सिंहासनासाठी लढले, बर्के आणि हुलागू हे चुलतभाऊ कॉकेशसमध्ये एकमेकांवर तुटून पडले. चंगीजचे नातू एकत्र नांदले नाहीत, आणि आजचे देश त्यांची एकसंध वंशावळ काढून बसले आहेत.

मंगोलियाबद्दल लिहिताना हात थोडा आखडतो. चंगीजवर कोणाचा काही नैतिक हक्क असेल तर तो तिथल्या लोकांचा, असं मलाही वाटतं. विसाव्या शतकात त्यांना त्याचं नावही घेता येत नव्हतं. १९६२ मध्ये त्याच्या जन्माला आठशे वर्षं झाली म्हणून मंगोलियाने टपाल तिकिटं काढली, त्याच्या जन्मगावी म्हणून मानल्या जाणाऱ्या दादाल इथे स्मारक उभारलं. मॉस्कोला हे खपलं नाही. सोहळा गुंडाळला गेला आणि त्यामागचे पक्षनेते तोमोर-ओचिर यांना पदावरून काढून राजधानीबाहेर धाडण्यात आलं. त्याच वर्षी चीनने आपल्या हद्दीत मात्र तोच सोहळा थाटात केला, अर्थातच मॉस्कोला खिजवण्यासाठी. तेव्हा १९९० मध्ये एकपक्षीय राजवट संपल्यावर मंगोलियात चंगीजचा पूर आला, यात नवल ते काय? विमानतळाला त्याचं नाव, नोटांवर त्याचा चेहरा, दारूच्या बाटलीवर तोच. २००८ मध्ये उलानबातरच्या बाहेर त्सोनजिन बोल्दोग इथे चाळीस मीटर उंचीचा घोड्यावरचा पोलादी पुतळा उभा राहिला. २०२२ मध्ये त्याच्या नावाचं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं. दडपलेली माणसं दाब सुटल्यावर मोठ्याने बोलतात. ते समजून घ्यायला हवं.

पण त्या नोटांपैकी पाच हजार तुगरुगची नोट घ्या. पुढे चंगीज, मागे काराकोरम या मंगोल राजधानीच्या राजवाड्यातलं कारंजं. हे कारंजं म्हणजे चांदीचं झाड होतं. रुब्रुकचा विल्यम हा फ्रान्सिस्कन साधू १२५४ मध्ये चंगीजचा आणखी एक नातू मोंगके खान याच्या दरबारी होता आणि त्याने त्याचं वर्णन बारकाईने लिहून ठेवलं आहे. झाडाच्या बुडाशी चांदीचे चार सिंह, त्यांच्या तोंडातून घोडीचं दूध. फांद्यांवरून खाली आलेल्या नळ्यांतून चार पेयं, त्यांत द्राक्षाची दारू, आंबवलेलं दूध, मधाची दारू, तांदळाची दारू. शेंड्यावर तुतारी धरलेला देवदूत. आधी भात्याने तुतारी वाजवायची योजना होती, पण हवेला जोर पुरेना. मग झाडाखाली एक भुयार करून त्यात माणूस बसवला. दारू संपली की वाढप्यांचा प्रमुख ओरडायचा आणि खालचा माणूस फुंकर मारायचा.

हे झाड घडवणारा गिल्योम बुशे हा पॅरिसचा सोनार. हंगेरीच्या मोहिमेत मंगोलांनी त्याला पकडून सहा-सात हजार किलोमीटरवर आणलं होतं. विल्यमला तिथे मेट्झची पाकेत नावाची एक बाईही भेटली. तीही हंगेरीतच पकडलेली. एका रशियन सुताराशी तिने संसार मांडला होता, आणि बुशेचा पत्ता तिनेच विल्यमला दिला. काराकोरम हे जगातलं एक बहुरंगी शहर होतं, तिथे मशिदी होत्या, चर्च होतं, बौद्ध देवळं होती, असं आज कौतुकाने सांगतात. खरंच होती. पण तिथे आलेल्या किती जणांनी स्वतःच्या पायाने येणं निवडलं होतं, हाही प्रश्न त्याच वाक्यात विचारायला हवा. नोटेवर पकडणाऱ्याचा चेहरा आहे आणि पकडलेल्याची कारागिरी आहे. बुशेचं नाव मात्र नाही.

बुशे हा अपवाद नव्हता. शहर पडलं की लोकांना बाहेरच्या मैदानात काढायचं, कारागीर बाजूला करायचे, तरुण पोरं पुढच्या शहराच्या वेढ्यात तटासमोर ढाल म्हणून हाकायची आणि बाकीच्यांचं काय ते ठरवायचं, ही मंगोल सैन्याची ठरलेली पद्धत होती. जुवैनी हा फारसी इतिहासकार सांगतो की १२२० मध्ये समरकंदहून तीस हजार कारागीर वेगळे काढून चंगीजच्या मुलांत आणि नातलगांत वाटले. पुढच्या वर्षी मध्य आशियातल्या मर्व शहरात चारशे कारागीर निवडले आणि उरलेल्यांची कत्तल झाली. हेरातचे जरीचं कापड विणणारे कोष्टी उचलून दूर बेशबालिकला, आजच्या शिनजियांगमध्ये, नेले. तिथे बसून ते खानांसाठी सोन्याच्या तारेचं कापड विणत राहिले. पुढे त्यातल्या काहींना हेरातला परत जाऊ दिलं, कारण शहर पुन्हा वसवायला हाताला कसब असलेली माणसंच लागतात. पूर्व-पश्चिम कलांचा संगम म्हणून संग्रहालयांत जे कापड आपण काचेपलीकडून बघतो, त्याच्या मागे हे स्थलांतर आहे. संगम झाला हे खरं. तो साखळदंडाने झाला.

आता त्या ‘जागतिक व्यापाराच्या जनका’कडे वळतो, कारण मराठी समाजमाध्यमांवरही हे अधूनमधून फिरत असतं. युक्तिवाद ठरलेला असतो. माणसं मारली हे मान्य, पण रस्ते सुरक्षित झाले, व्यापार वाढला, धर्माच्या बाबतीत तो सहिष्णू होता, निरोप्यांची टपालव्यवस्था उभी राहिली. कत्तलीचा आकडा एका बाजूला, व्यापाराचा दुसऱ्या बाजूला, वजाबाकी करा आणि निकाल लावा. या हिशेबातली चूक अशी की ज्यांनी किंमत मोजली आणि ज्यांना फायदा झाला ती माणसं वेगळी होती. मर्वच्या बाईने जीव गमावला, आणि सत्तर वर्षांनी जेनोआच्या व्यापाऱ्याला ताब्रिझमध्ये स्वस्तात रेशीम मिळालं. या दोन रकमा एका खात्यावर कशा मांडता येतील?

या वजाबाकीचा कळस २०११ मध्ये झाला. एका अभ्यासात म्हटलं होतं की मंगोल स्वाऱ्यांत शेतं ओसाड पडली, त्यावर पुन्हा जंगल उगवलं आणि सुमारे ७० कोटी टन कार्बन हवेतून शोषला गेला. मूळ अभ्यास जमिनीच्या वापराबद्दलचा, गंभीर होता. वृत्तपत्रांनी मथळे दिले की चंगीज खान हा इतिहासातला सर्वांत पर्यावरणस्नेही विजेता. दुसरा लाडका आकडा २००३ चा आहे. आशियाच्या मोठ्या पट्ट्यातल्या सुमारे ८ टक्के पुरुषांत एकाच पूर्वजाकडून आलेली जनुकीय खूण सापडली आणि तो पूर्वज चंगीज असावा, असा अंदाज अभ्यासकांनी मांडला. त्याची कबर नाही, हाड नाही, त्यामुळे पडताळा घ्यायचा तरी कशाशी? अंदाज तो अंदाजच आहे. पण ‘जगातल्या दर दोनशे पुरुषांमागे एक चंगीजचा वंशज’ हे वाक्य लोक टाळ्यांच्या आविर्भावात पुढे पाठवतात. तो अंदाज खरा असेल तर ती खूण कशी पसरली असेल, त्यात बायकांना काही विचारलं गेलं होतं का, हे पाठवणाऱ्याच्या मनातही येत नाही.

सहिष्णुतेचंही तसंच. सर्व धर्मांच्या पुरोहितांना कर माफ होता, हे खरं. रशियातल्या चर्चला खानांनी तशी फर्मानं दिली होती. १२५४ मध्ये काराकोरमला ख्रिस्ती, मुस्लिम आणि बौद्ध यांचा खुला वादविवादही झाला. पण सवलत होती ती खानासाठी प्रार्थना करण्याच्या बदल्यात. ज्या दिवशी एखादी रीत खानाला खटकली त्या दिवशी सहिष्णुता संपली. कुबलाईने १२८०च्या सुमारास हलाल पद्धतीने जनावर कापण्यावर बंदी घातली आणि मोडणाऱ्याला मरणाची शिक्षा ठेवली. मालक खूश असेपर्यंतची मोकळीक ती.

आणि सुरक्षित रस्त्यांवरून फक्त रेशीमच गेलं नाही. आजच्या किर्गिझस्तानात इसिक-कुल सरोवराजवळच्या १३३८-३९च्या थडग्यांमधल्या हाडांत प्लेगचे जंतू सापडले आहेत. आठ-नऊ वर्षांनी तोच रोग युरोपात होता.

मग मंगोल नुसते रानटी होते का? तेही नाही, आणि हे म्हणताना मी आधीचं काही मागे घेत नाही. चंगीजनंतर खान झालेला त्याचा मुलगा ओगेदेई याच्या काळात काही सरदारांनी सुचवलं होतं की उत्तर चीनमधली शेतकरी जनता निरुपयोगी आहे, ती हटवून तिथे कुरणं करावीत. येलू चुत्साई नावाच्या खितान सल्लागाराने खानाला हिशेब करून दाखवला. या लोकांना जगू द्या, कर लावा, वर्षाला पाच लाख लियांग चांदी, ऐंशी हजार थान रेशीम आणि चार लाख शि धान्य मिळेल (लियांग आणि शि ही चिनी मापं). ओगेदेईने ते ऐकलं. माणसं वाचली ती दयेने नाही, वसुलीच्या आशेने. पण वाचली. इराणातही हेच झालं, थोडं उशिरा. १२५८ मध्ये हुलागूने बगदाद बुडवलं, आणि फ्रान्सच्या राजाला लिहिलेल्या पत्रात दोन लाखांहून जास्त माणसं मारल्याची फुशारकी स्वतःच मारली. त्याच हुलागूने पुढच्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ नसिरुद्दीन तुसीला मराघा इथे वेधशाळा काढून दिली. त्याच्या पणतवाचा, गाझान खानाचा, वजीर रशिदुद्दीन हा जन्माने ज्यू. त्याने सगळ्या जगाचा इतिहास लिहायला घेतला आणि बुद्धाच्या चरित्रासाठी कमलश्री नावाच्या काश्मिरी भिक्षूला हाताशी धरलं. १३१८ मध्ये या वजिराचं डोकं उडवलं गेलं. जे काही चांगलं उभं राहिलं ते बहुतेक जिंकलेल्या लोकांनी, जेत्यांना राज्य करायला शिकवता शिकवता उभं केलं. श्रेय द्यायचं तर चुत्साईला द्या, तुसीला द्या, रशिदुद्दीनला द्या. त्यांचे चाळीस मीटरचे पुतळे कोणी उभारत नाही.

बुखाऱ्यातून जीव घेऊन पळालेल्या एका माणसाला खोरासानात विचारलं, काय झालं? तो म्हणाला, “आले, खणलं, जाळलं, मारलं, लुटलं, गेले.” फारसीतली ही सहा क्रियापदं नोंदवून ठेवली जुवैनीने, आणि जुवैनी मंगोलांचाच नोकर होता. बगदाद पडल्यावर तिथला कारभारी म्हणून त्यालाच नेमलं. मालकाचं मीठ खाऊनही त्याने बोजाची नोंद खोडली नाही. आजच्या सरकारांना तेवढंही जमत नाही.

रशिया आणि कझाकस्तान यांच्याबद्दल थोडक्यात. रशियात पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं की १२४० ते १४८० हा मंगोल-तातार जोखडाचा काळ. रशियातल्याच तातारस्तान प्रांताच्या लोकांनी या शब्दांवर हरकत घेतली, आणि गेल्या दशकात पाठ्यपुस्तकांची भाषा सौम्य झाली. दोन्ही मांडण्यांत एक गोष्ट अंग चोरून बसते. मॉस्को मोठं झालं ते खानाच्या वतीने इतर रशियन राजांकडून खंडणी गोळा करूनच. इव्हान कलिता हा मॉस्कोचा राजा त्या कामासाठीच प्रसिद्ध आहे. कझाकस्तानची गोष्ट ताजी आहे. २०१४ मध्ये पुतिन म्हणाले की कझाक लोकांना पूर्वी कधी स्वतःचं राज्यच नव्हतं. दुसऱ्या वर्षी कझाकस्तानने कझाक खानतीची ५५० वर्षं साजरी केली आणि मग सुवर्ण टोळीच्या, म्हणजे रशियावर हुकूमत गाजवणाऱ्या मंगोल खानतीच्या, साडेसातशे वर्षांचीही भाषा सुरू झाली. शेजारी इतका मोठा आणि इतका बेभरवशाचा असला की माणूस जुने कागद शोधणारच. त्याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. फक्त कागद पुरते वाचा.

इथे एक खणखणीत आक्षेप येतो. आठशे वर्षांपूर्वीच्या कत्तलीचा बोजा आजच्या माणसावर टाकायचा, म्हणजे वंशावरून गुन्हेगार ठरवायचं? आणि हे नुसतं काल्पनिक नाही. क्रिमियन खानती हे सुवर्ण टोळीचंच उरलेलं अंग. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिने १७८३ मध्ये ती गिळली. मे १९४४ मध्ये स्टालिनने सगळ्या क्रिमियन तातारांना, सुमारे दोन लाख माणसांना, काही दिवसांत मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात फेकलं. आरोप जर्मनांशी संधान बांधल्याचा होता, पण तातार म्हणजे लुटारूंची अवलाद ही जुनी समजूत त्या आरोपाच्या पाठीशी होती. अफगाणिस्तानात हजारा लोकांना आजही त्यांच्या चेहऱ्यावरून मंगोलांचे वंशज म्हणून हिणवतात. त्यांच्या बामियानमध्येच शहर-ए-घोलघोला आहे. चंगीजचा लाडका नातू मुतुगेन तिथल्या वेढ्यात पडला म्हणून १२२१ मध्ये ती वस्ती समूळ मारली गेली. मारल्या गेलेल्यांच्या अवशेषांशेजारी राहणाऱ्यांनाच मारणाऱ्यांची लेकरं म्हणून मार खावा लागतो.

म्हणून स्पष्ट लिहितो. बोजा रक्तावर नसतो, दाव्यावर असतो. हजारा शेतकऱ्याने कुठल्या सातबाऱ्यावर नाव लावायचा अर्ज केलेला नाही. त्याच्याकडे कोणाचंही काही देणं नाही. जे सरकार पुतळा उभारतं, नोट छापतं, स्मृतिस्थळाचं तिकीट लावतं, दुसऱ्या देशातल्या संग्रहालयातला शब्द खोडायला सांगतं, त्याने स्वतःहून अर्ज केला आहे. रकाना त्याने वाचायचा. उलानबातरच्या संग्रहालयात धनुष्यं-तलवारींच्या शेजारी मर्व आणि निशापूर या कत्तल झालेल्या शहरांनाही दालन हवं. तेवढ्याने मंगोलिया लहान होणार नाही.

आपल्याकडे हा वाद अल्लाउद्दीन खिलजीच्या रूपाने येतो. एक बाजू म्हणते, त्याने मंगोलांना रोखलं, नाहीतर भारताचं बगदाद झालं असतं. दुसरी म्हणते, तो स्वतःच काय कमी होता? लढाया खऱ्या आहेत. मध्य आशियातल्या मंगोल चगताई खानतीच्या फौजा १२९९ मध्ये दिल्लीच्या उंबरठ्यावर, कीलीला, येऊन भिडल्या. १३०३ मध्ये मंगोल सरदार तरघीने दिल्लीला सुमारे दोन महिने वेढून ठेवलं आणि चित्तोडहून थकून परतलेला अल्लाउद्दीन सिरीच्या छावणीत खंदक खणून बसला. १३०५ मध्ये अमरोह्याजवळ त्याच्या सैन्याने मंगोल सरदार अली बेग आणि तरताक यांचा साफ पराभव केला. मंगोलांपुढे टिकलेल्या मोजक्या राजवटींत दिल्ली होती, हे मान्य करायला काहीच हरकत नाही.

पण हे श्रेय घेणाऱ्यांनीही खर्चाची बाजू वाचावी. त्याच्या उदयाचं भांडवल आपल्या देवगिरीचं होतं. १२९६ मध्ये रामदेवरायाकडून लुटून नेलेलं सोनं दिल्लीच्या वाटेवर त्याने मुक्कामामुक्कामाला छोट्या गोफणयंत्राने उधळलं, असं इतिहासकार बरनी लिहितो. तसं करून त्याने माणसं जोडली आणि चुलत्याचा खून पचवला. १३०३ च्या वेढ्यानंतर जी मोठी खडी फौज त्याने पोसली, तिच्यासाठी दोआबातल्या शेतकऱ्याकडून निम्मं पीक वसूल झालं. दिल्ली वाचली त्याची किंमत दोआबातल्या कडा आणि कोळ या भागांतल्या शेतकऱ्याने आणि त्याआधी देवगिरीच्या सराफाने मोजली. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

आणि शेवटची नोंद मंगोलांचीच आहे. अल्लाउद्दीनच्या आधी, १२९२ मध्ये, काही हजार मंगोल मुसलमान होऊन दिल्लीजवळ वसले होते. लोक त्यांना ‘नवे मुसलमान’ म्हणत. त्यांनी घरं बांधली, लग्नं केली, सुलतानाच्या फौजेत चाकरी केली. अल्लाउद्दीनच्या अखेरच्या वर्षांत पगार तुटल्याने नाराज झालेल्या त्यांतल्या काहींनी त्याला मारायचा कट केला, असं त्याच्या कानावर आलं. त्याने हुकूम काढला की राज्यभरातल्या या सगळ्या पुरुषांना एकाच दिवशी मारावं आणि घरदार, बायकापोरं मारणाऱ्याने घ्यावीत. बरनी आकडा देतो वीस ते तीस हजारांचा, आणि पुढे लिहितो की त्यांतल्या बहुतेकांना कटाची खबरसुद्धा नव्हती.